उझबेकिस्तानला जायचे असेल तर: ताश्कंद, समरकंद आणि तर्मेझचे बौद्ध विहार

आपल्याकडच्या धम्मसहली ठरलेल्या असतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी. पैसे जमले तर श्रीलंका किंवा थायलंड. उझबेकिस्तानचे नाव आपल्या तरुणांच्या कानावर येते ते दोनच कारणांनी. एक, एमबीबीएससाठी तिकडे गेलेली ओळखीतली मुले. दुसरे, "ताश्कंद-समरकंद पाच दिवस" अशा पॅकेजच्या जाहिराती. या पॅकेजमध्ये तर्मेझ नसते. देशाच्या दक्षिण टोकाला, अमू दर्याच्या काठी, अफगाणिस्तानच्या हद्दीला लागून असलेले हे शहर कुषाण काळात बौद्ध धम्माचे मोठे केंद्र होते. तिथे विहार आहेत, स्तूप आहे, डोंगरात खोदलेली लेणी आहेत. आणि तिथे जाणे वाटते तितके अवघड किंवा महाग नाही. चार-पाच मित्रमैत्रिणींनी मिळून, पॅकेज न घेता, स्वतःच्या हिमतीवर जायचे असेल तर काय काय माहीत असावे, ते या लेखात एकत्र केले आहे.

देशाची तोंडओळख

उझबेकिस्तान १ सप्टेंबर १९९१ रोजी सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. अण्णा भाऊ साठे १९६१ साली सोव्हिएत संघात गेले आणि परत येऊन त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले, तेव्हा हा भाग त्याच देशाचे एक गणराज्य होता. या देशाला समुद्र नाही, आणि त्याच्या शेजारच्या पाचही देशांचा किनारा महासागराला लागत नाही. लोकसंख्या साडेतीन कोटींच्या वर आहे आणि बहुसंख्य लोक मुस्लीम आहेत. भाषा उझबेक, शहरांत रशियन सर्रास चालते. समरकंद आणि बुखारा या दोन शहरांत ताजिक बोलणारेही खूप आहेत. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे जायचे महिने. तर्मेझ हे देशातल्या सर्वात उष्ण शहरांपैकी एक आहे. जुलैमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि विहारांच्या परिसरात सावलीला झाड नाही. चंद्रपूर-नागपूरचा उन्हाळा अंगवळणी पडलेल्यांनीही तो प्रयोग करू नये. डिसेंबर-जानेवारीत उलट टोक, ताश्कंद-समरकंदला बर्फ पडतो.

व्हिसा आणि विमान

भारतीयांना २०१८ पासून ई-व्हिसा मिळतो. दूतावासात जावे लागत नाही. सरकारी संकेतस्थळावर पासपोर्टची प्रत आणि फोटो चढवायचा, कार्डाने पैसे भरायचे. साधारण तीन कामाच्या दिवसांत व्हिसा ईमेलवर येतो. एकदाच प्रवेशाच्या व्हिसाचे शुल्क २० डॉलर आहे आणि त्यावर ३० दिवसांपर्यंत राहता येते. शोधयंत्रात "उझबेकिस्तान व्हिसा" टाकले की सर्वात वर दलालांची संकेतस्थळे येतात, दिसायला हुबेहूब सरकारी. ती तिप्पट-चौपट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट यूझेड' आहे ना, एवढे बघा. शुल्क आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीच्याच अटी खऱ्या माना. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असलेली बरी.

अर्ज भरताना एक गोष्ट आधीच ठरवा. तर्मेझहून ताजिकिस्तानात जाऊन परत येण्याचा विचार असेल तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा घ्यावा लागतो. फरक थोड्या डॉलरचा असतो, पण सीमेवर पोहोचल्यावर तो दुरुस्त करता येत नाही.

दिल्ली ते ताश्कंद विमान साधारण तीन-साडेतीन तासांचे. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन पुढे निघाले तरी थायलंडपेक्षा फार जास्त वेळ लागत नाही. उझबेकिस्तानची सरकारी विमान कंपनी दिल्लीहून नियमित उडते. मुंबईहून थेट विमान तुमच्या तारखांना आहे का ते आधी बघा, नसेल तर दिल्ली. भारतीय कंपन्यांचे मात्र बेभरवशाचे आहे, आणि त्यात कंपन्यांचा दोष नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, आणि इंडिगोला दिल्ली-ताश्कंद सेवा थांबवावी लागली. वळसा घालून जायला तेवढे इंधन त्या विमानांत मावत नाही. दोन सरकारांचे भांडण आपल्या तिकिटापर्यंत असे येते. त्यामुळे तिकीट काढताना रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे वाचून घ्या.

पैसे, नोंदणी, औषधे

चलनाचे नाव सोम. एका डॉलरला साधारण १२ हजार सोम, त्यामुळे पहिल्याच दिवशी आपण लखपती होतो आणि तिसऱ्या दिवसापर्यंत शून्ये मोजताना गोंधळतो. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या न्या. लिहिलेली किंवा फाटकी नोट बँक घेत नाही. सप्टेंबर २०१७ पर्यंत तिथे सरकारी दर आणि काळ्या बाजाराचा दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक होता. जुन्या प्रवासवर्णनांत "बाजारात पैसे बदलून घ्या" असा सल्ला दिसतो, तो आता विसरा. बँकेत आणि विमानतळावर सरळ दर मिळतो. एटीएम शहरांत भरपूर आहेत, पण तर्मेझच्या बाहेर रोख लागतेच.

परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद होणे कायद्याने आवश्यक आहे. हॉटेल किंवा गेस्ट हाऊस ती आपोआप करते. पासपोर्ट घेतला की ऑनलाइन नोंद होते. पावती मागून घ्या आणि देश सोडेपर्यंत जपा. एखाद्या विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीवर फुकट राहायचा मोह होतो. राहायला हरकत नाही, पण मग नोंद घरमालकाने करायची असते, आणि घरमालक टाळाटाळ करतो. तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर ही नोंद झाल्याशिवाय राहू नका. दंड पाहुण्यालाही होतो आणि यजमानालाही.

औषधांचा मुद्दा गांभीर्याने घ्या. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित औषधांत मोडतात. आपल्याकडे औषधांच्या दुकानात सहज मिळणारी पट्टी तिथे विमानतळावर अडचणीत आणू शकते. याचा अर्थ चालू असलेला उपचार मध्येच थांबवायचा असा नाही. मानसिक आरोग्याच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असलेल्या तरुणांनी भीतीने किंवा संकोचाने गोळ्या घरी ठेवून जाऊ नये. डॉक्टरांची इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी, मूळ वेष्टनातली गोळ्यांची पट्टी, प्रवासाला पुरेल एवढीच मात्रा, आणि कस्टमच्या कागदावर स्पष्ट नोंद. एवढे केले की झाले. ड्रोन मात्र घरीच ठेवा.

रेल्वे हीच खरी सोय

या देशात फिरायचे तर रेल्वेने. ताश्कंद ते समरकंद अफ्रोसियोब नावाची जलद गाडी २०११ पासून धावते. साधारण ३४४ किलोमीटरचे अंतर ती सव्वादोन तासांच्या आत कापते. पुढे २०१६ मध्ये ती बुखाऱ्यापर्यंत गेली. तिची तिकिटे लवकर संपतात, सुटीच्या हंगामात तर आठवडे आधी. आरक्षण सुटल्याबरोबर रेल्वेच्या ॲपवर काढून ठेवा. नाही मिळाले तर शार्क नावाची थोडी संथ गाडी असते. तीही चांगली आहे, आणि स्वस्त आहे.

ताश्कंदला दोन रेल्वे स्थानके आहेत, उत्तर आणि दक्षिण. तिकिटावर कोणते आहे ते बघूनच टॅक्सी करा. स्थानकात शिरतानाच पासपोर्ट आणि सामान तपासतात, त्यामुळे अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे व वडिलांचे नाव दुसऱ्यात असते, तिथे हमखास गफलत होते.

तर्मेझला ताश्कंदहून रात्रीची गाडी जाते. डब्यांचे प्रकार आपल्याला परके नाहीत. 'प्लात्सकार्त' म्हणजे आपला स्लीपर, उघडा डबा. 'कुपे' म्हणजे चार जणांची दार लागणारी खोली. चादर-उशी मिळते, डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो, आणि शेजारचे कुटुंब आपला डबा उघडला की तुम्हाला वाढल्याशिवाय जेवत नाही. मला विचाराल तर तरुणांनी प्लात्सकार्तच घ्यावा. भाषा येत नसताना लोकांशी ओळख होण्याची ती सर्वात सोपी जागा आहे. ही गाडी पूर्वी तुर्कमेनिस्तानच्या हद्दीतून जात असे. २००७ मध्ये डोंगरातून नवा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि ती कटकट संपली. ज्यांच्याकडे दिवस कमी आहेत त्यांच्यासाठी ताश्कंद-तर्मेझ विमानही आहे.

शहरात फिरायला यांडेक्स नावाचे टॅक्सीचे ॲप सर्वत्र चालते, भाव करण्याची कटकट नाही. दोन शहरांच्या मध्ये सामायिक टॅक्सी असतात. आपल्याकडच्या वडापसारखाच प्रकार. चार माणसे भरली की निघते. घाई असेल तर रिकाम्या जागांचे पैसे देऊन लगेच निघता येते. ताश्कंदची मेट्रो १९७७ साली सुरू झाली आणि तिची एकेक स्थानके पाहण्यासारखी आहेत. २०१८ पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती, आता नाही.

आधी ताश्कंदचे संग्रहालय

तर्मेझला जाण्याआधी ताश्कंदच्या राज्य इतिहास संग्रहालयात अर्धा दिवस घालवा. फयाझ तेपे इथे सापडलेले चुनखडीचे शिल्प तिथे आहे: बोधिवृक्षाखाली ध्यानस्थ बुद्ध आणि दोन्ही बाजूंना दोन भिक्खू. फरगाना खोऱ्यातल्या कुवा इथल्या बौद्ध मंदिरातील मातीच्या मूर्तींचे अवशेषही याच संग्रहालयात आहेत. आधी हे पाहिले की तर्मेझच्या मातीच्या भिंतींत काय काय होते, याची कल्पना येते. एरवी नवख्याला तिथे फक्त कच्च्या विटांचे गुडघाभर उंचीचे बांधकाम दिसते आणि तो निराश होतो.

ताश्कंदमध्ये आज चालू असलेले एक छोटे बौद्ध मंदिरही आहे, कोरियन परंपरेचे. त्याची पार्श्वभूमी सामाजिक कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगी आहे. १९३७ साली स्टालिनच्या हुकमाने सोव्हिएत संघाच्या पूर्व टोकावरचे पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन लोक रेल्वेत कोंबून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात आणून टाकले गेले. त्यांचे नातू-पणतू आज तिथले नागरिक आहेत. बाजारात कोरियन पद्धतीचे गाजराचे लोणचे विकणाऱ्या बायका दिसतात, त्यातल्या अनेक त्याच घरांतल्या.

तर्मेझ

तर्मेझला किमान दोन पूर्ण दिवस द्या. सुरुवात पुरातत्त्व संग्रहालयापासून करा. हे संग्रहालय २००२ मध्ये उघडले. सगळ्या स्थळांचे नकाशे आणि प्रतिकृती तिथे आहेत, आणि मुख्य म्हणजे कोणत्या स्थळाला परवानगी लागते, सध्या कुठे जाऊ देतात, हे तिथेच खात्रीने कळते. गाडी आणि वाटाड्याही तिथूनच ठरवा.

फयाझ तेपे शहराच्या वायव्येला थोड्या अंतरावर आहे. १९६८ साली एका मेंढपाळाला इथे कोरीव दगड सापडला. पुढे पुरातत्त्वज्ञ लाझार अल्बाऊम यांनी १९७६ पर्यंत उत्खनन केले आणि इ.स.च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातला पूर्ण विहार उजेडात आला. मध्ये अंगण, भोवती भिक्खूंच्या खोल्या, एका बाजूला भोजनशाळा, आणि बाहेर स्तूप. मूळ स्तूप छोटा होता, नंतरच्या काळात त्याला बाहेरून मोठे आवरण घातले गेले. युनेस्को आणि जपानच्या मदतीने जतनाचे काम झाले तेव्हा त्यावर संरक्षक घुमट बांधला; आतला मूळ स्तूप पाहता येतो. आपल्याकडे कार्ले, भाजे, कान्हेरीला आपण विहार पाहतो तो कातळात खोदलेला. इथे तोच आराखडा कच्च्या विटांत आणि मातीत उभा आहे. निजण्याचा कट्टा, कोनाडा, मधला चौक, सगळे ओळखीचे वाटते.

जवळच कारा तेपे आहे, म्हणजे काळी टेकडी. हा एक विहार नाही, तीन टेकड्यांवर पसरलेला विहारसमूह आहे. टेकडीच्या पोटात लेणी खोदलेली आणि त्यांच्यापुढे विटांचे अंगण व स्तूप, अशी जोडणी. बोरिस स्टाविस्की यांनी इथे १९६१ पासून तीन दशके काम केले. नंतर उझबेक पुरातत्त्वज्ञ शाकिरजान पिदाएव आणि जपानचे क्युझो कातो यांनी ते पुढे नेले. कातो २०१६ साली, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, उत्खननाच्या कामासाठी आले असताना तर्मेझमध्येच वारले. कारा तेपे अफगाण सीमेच्या अगदी लगत असल्याने तो भाग दीर्घकाळ लष्करी पट्ट्यात होता. तिथे जाण्याआधी संग्रहालयात विचारणे टाळू नका, आणि नदीच्या, कुंपणाच्या, चौकीच्या दिशेने कॅमेरा वळवू नका.

या दोन स्थळांशी महाराष्ट्राचे नाते आहे, आणि ते मोघम नाही. इथल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर ब्राह्मी, खरोष्टी आणि बॅक्ट्रियन लिपीतले लेख सापडले. त्यांत महासांघिक संघाचा उल्लेख आहे. आता कार्ले लेण्यातले सातवाहनकालीन शिलालेख आठवा. तिथे महासांघिकांना दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. म्हणजे लोणावळ्याजवळच्या डोंगरात आणि अमू दर्याच्या काठी, जवळपास एकाच काळात, एकाच निकायाचे भिक्खू वर्षावास करीत होते. तेपर्यंत कोणी पायी गेले असेल, कोणी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर. कार्ल्याला कधी गेला नसाल तर आधी तिथे जाऊन या. तर्मेझ जास्त समजेल.

झुरमाला स्तूप शहराच्या दुसऱ्या बाजूला शेतात उभा आहे. कच्च्या विटांचा, साधारण १३ मीटर उंच, मध्ये मोठी भेग पडलेला. भोवती पाटी, कुंपण, तिकीटघर असा थाट नाही. बाजूला कापसाचे शेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला तिथे उभे राहिल्यावर गावाची आठवण येईल. त्या कापसाचाही इतिहास आहे. शिक्षक, विद्यार्थी, दवाखान्यातले कर्मचारी यांना दरवर्षी सक्तीने वेचणीला जुंपले जात असे. देशातल्या कार्यकर्त्यांनी जोखीम पत्करून नोंदी ठेवल्या, जगभरातल्या कपडे कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार घातला, आणि सक्तीची पद्धत संपल्यावर मार्च २०२२ मध्ये तो बहिष्कार उठला.

वेळ असेल तर दाल्वरझिन तेपेला जा. तर्मेझच्या उत्तरेला, देनाऊकडे जाणाऱ्या रस्त्याने, गाडीने तास-दीड तास. गालिना पुगाचेन्कोवा यांच्या मोहिमेला इथे १९७२ मध्ये ३६ किलोंच्या आसपास सोने सापडले. काही लगडींवर खरोष्टीत लेख होते. कुषाणकालीन बौद्ध मंदिराच्या मूर्तीही इथल्याच. ऐरताम मात्र यादीत असले तरी तिथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. १९३२ मध्ये नदीत सापडलेली वादकांची प्रसिद्ध शिल्पपट्टी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

"कोणी पाडले?"

तर्मेझचे फोटो समाजमाध्यमांवर टाकले की खाली पहिला प्रश्न हाच येतो, आणि उत्तरही विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. म्हणून नोंदी काय सांगतात ते पाहू. कारा तेपे आणि फयाझ तेपे या विहारांना उतरती कळा लागली ती इराणच्या सासानी साम्राज्याने कुषाणांचा हा प्रदेश घेतल्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या शतकात. कारा तेपेची लेणी ओस पडली आणि पुढे त्यांत माणसे पुरली गेली. तेव्हा इस्लामचा उदयही झालेला नव्हता. अरबांनी तर्मेझ घेतले आठव्या शतकाच्या सुरुवातीला. मध्यंतरी, इ.स. ६३० मध्ये, चिनी भिक्खू ह्यूएनत्संग इथून गेले, तेव्हा शहरात दहाच्या वर विहार आणि हजारभर भिक्खू असल्याचे त्यांनी लिहून ठेवले. म्हणजे काही विहार बंद पडले, काही टिकले, नवे झाले, आणि राज्ये, व्यापारी वाटा व दाते बदलत गेले तसा धम्म इथून हळूहळू मागे हटला. एका तडाख्यात पाडापाडी झाली, असे चित्र या पुराव्यांतून उभे राहत नाही.

उलट, फयाझ तेपे सापडले ते इथल्याच मेंढपाळामुळे, आणि आज या स्थळांची राखण करणारे, माती लिंपणारे हात स्थानिक मुस्लिमांचेच आहेत. कारा तेपेच्या शेजारीच नवव्या शतकातले सूफी अल-हकीम अत-तर्मिझी यांची समाधी आहे. तर्मेझचे लोक तिथे सहकुटुंब येतात. तिथे जरूर जा. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. आपल्या इतिहासाचा उपयोग कोणाच्या तरी द्वेषासाठी करून घेतला जातो, याचा अनुभव आपल्याला घरीच पुरेसा आहे. तो माल सोबत घेऊन परदेशी जाण्याचे कारण नाही.

कायदा: वंदना आणि पत्रके

उझबेकिस्तानात धर्मप्रचाराला कायद्याने बंदी आहे, कोणत्याही धर्माच्या. धार्मिक साहित्य देशात आणण्यावर आणि वाटण्यावर कडक निर्बंध आहेत. आपल्या गटांना जिथे जाऊ तिथे पुस्तिका, पत्रके, पंचशील ध्वज वाटण्याची हौस असते. ती इथे आवरा. विहाराच्या अवशेषांत शांतपणे बसून मनात वंदना घेतली तर कोणी हटकत नाही. पण ध्वनिक्षेपकावर त्रिसरण, बॅनर धरून सामूहिक कार्यक्रम, त्याचे थेट प्रक्षेपण, हे नोंदणीकृत जागेबाहेरचे धार्मिक कार्य ठरू शकते, आणि त्रास तुमच्यापेक्षा तुमच्या स्थानिक वाटाड्याला जास्त होईल. मातीच्या भिंतींवर चढणे, स्तूपाला मेणबत्त्या चिकटवणे, विटेचा तुकडा आठवण म्हणून उचलणे हेही नको. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणे गुन्हा आहे.

परतीच्या वाटेवर समरकंद

तर्मेझहून समरकंद रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, गाडीला सहा-सात तास लागतात. हा प्रवास दिवसा करा. बोयसूनच्या डोंगरातून, देरबेंतजवळून रस्ता जातो. ह्यूएनत्संगांनी वर्णन केलेले 'लोहद्वार' म्हणजे याच भागातली खिंड. ते समरकंदहून या वाटेने तर्मेझला आले, पुढे बाल्ख, बामियान करत भारतात उतरले आणि इ.स. ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात पोहोचले. इथल्या शंभर विहारांची आणि पाच हजार भिक्खूंची नोंद त्यांनी केली.

समरकंदमध्ये रेगिस्तान चौकाच्या तीन मदरसा सगळेच पाहतात, आणि पाहाव्याच. दिव्यांच्या उजेडात त्या निळ्या फरशा वेगळ्याच दिसतात. पण अफ्रासियाबचे संग्रहालय चुकवू नका. सातव्या शतकातल्या राजवाड्याच्या भिंतींवरची चित्रे तिथे आहेत. राजा वर्खुमानच्या दरबारात देशोदेशीचे दूत आलेले दिसतात. पूर्वेकडच्या भिंतीवर भारताचे दृश्य असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. उलुगबेगची वेधशाळाही जवळच आहे. समरकंदहून जलद गाडीने ताश्कंद. सगळे मिळून आठ दिवसांत आरामात होते. बुखारा जोडला तर दहा. बुखारा हे नाव 'विहार' शब्दावरून आले, असे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही.

खाणे आणि बोलणे

मांसाहार करणाऱ्यांना चिंता नाही. पुलाव, ज्याला ते 'ओश' म्हणतात, हा दुपारचा पदार्थ. चांगल्या ठिकाणी दोन वाजेपर्यंत संपतो. मटण आणि बीफ दोन्ही सर्रास चालते, काही ठिकाणी घोड्याचे मांसही असते, म्हणून खात नसाल ते विचारून घ्या. शाकाहारींनी तंदुरी रोटी, टोमॅटो-कांद्याचा 'अचिचुक', भोपळ्याचा समोसा आणि फळे यांवर दिवस काढायची तयारी ठेवावी. रोटीला ते 'नोन' म्हणतात आणि तिला मान आहे: उलटी ठेवायची नाही, जमिनीवर ठेवायची नाही. नळाचे पाणी पिऊ नका.

भाषेची भीती बाळगू नका. फारसीमार्फत कितीतरी शब्द दोन्हीकडे आलेले आहेत. बोझोर म्हणजे बाजार, दुकोन म्हणजे दुकान, दरवोझा, मैदोन, हवो, किशमिश, अनोर. गंमत एवढीच की 'सब्झी' मागितली तर गाजर मिळते. आभार मानायला 'रहमत', भाव विचारायला 'कांचा'. एवढ्यावर आठ दिवस निघतात.

एक गोष्ट मुलग्यांच्या गटांसाठी स्वतंत्रपणे. भारतातून ताश्कंदची काही पॅकेज 'फक्त पुरुषांसाठी', रात्रीच्या मौजमजेच्या नावाखाली विकली जातात. त्यामागे बायकांच्या शोषणाचा बाजार असतो. त्या बाजाराने भारतीय पुरुषांचे तिथे जे नाव झाले आहे, त्याचा त्रास तिथे शिकणाऱ्या आपल्याच मुलामुलींना होतो. दलाल रस्त्यात, टॅक्सीत, हॉटेलच्या दारात गाठतात. तिथल्या तिथे नकार द्या आणि पुढे चला. मुलींच्या गटांनी एरवी जी काळजी आपण घेतो ती घ्यावी. रात्री ॲपवरचीच टॅक्सी करावी.

दुशान्बेचा फाटा

दोनदा प्रवेशाचा व्हिसा घेतला असेल आणि तीन दिवस जास्तीचे असतील, तर तर्मेझहून देनाऊमार्गे सरियोसियो इथली सीमा ओलांडून ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे गाठता येते. ताजिकिस्तानचाही ई-व्हिसा मिळतो, तो निघण्याआधी घरूनच काढा. तिथल्या पुरातन वस्तूंच्या राष्ट्रीय संग्रहालयात अजिना तेपे इथल्या विहारात १९६६ मध्ये सापडलेली महापरिनिर्वाण मुद्रेतली बुद्धमूर्ती आहे. कच्च्या मातीची, सुमारे १३ मीटर लांब. मूर्तीचे तुकडे करून ती दुशान्बेला आणावी लागली आणि जोडून लोकांसमोर ठेवायला कित्येक वर्षे गेली. सीमेवर दुपारी गर्दी असते. सकाळी लवकर निघा, दोन्ही बाजूंच्या टॅक्सीसाठी सुटे सोम आणि थोडे डॉलर खिशात ठेवा, आणि उझबेकिस्तानातल्या मुक्कामाच्या पावत्या हाताशी असू द्या.